वेळापूरचा अर्धनारीनटेश्वर : देवगिरीच्या पडत्या काळातील एक गावमंदिर

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस असे मुक्काम करीत वेळापूरला येते. गाव जवळ आले की उतारावरून दिंड्या धावत सुटतात. तुकोबांना येथून पंढरीच्या कळसाचे दर्शन झाले आणि ते तसेच धावत निघाले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या 'धाव्या'मुळे सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातील या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोचले. पुढचे मुक्काम भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. मन पुढे पंढरीत गेलेले असते, त्यामुळे वेळापुरातल्या अर्धनारीनटेश्वराच्या जुन्या देवळाकडे सवडीने पाहणारे वारकऱ्यांत थोडेच असतात. अभ्यासकांच्या लेखनातही हे देऊळ बहुधा एका ओळीत आटोपते : 'येथे हेमाडपंती मंदिर असून यादवकालीन शिलालेख आहेत.'

या एका ओळीतला प्रत्येक शब्द थांबून पाहण्यासारखा आहे. 'हेमाडपंती' म्हणजे नक्की काय? देवाला अर्धनारी म्हणावे, तर गाभाऱ्यात मूर्ती वेगळीच आहे, ती कशी? आणि शिलालेख यादवकालीन म्हणायचे, तर यादवांच्या कोणत्या काळातले? राज्य भरभराटीत असतानाचे की त्याला घरघर लागल्यानंतरचे? या तीन प्रश्नांच्या मागे गेले की वेळापूरचे देऊळ सुंदर जुन्या वास्तूंच्या यादीतले एक नाव एवढेच उरत नाही. राजधानीवर संकट कोसळले असताना माणदेशाच्या कडेला वसलेल्या एका गावाचा कारभार कसा चालला होता, याचा ते पुरावा ठरते.

गाव आणि मुलूख

वेळापूरच्या उत्तरेला अकलूजजवळून नीरा वाहते, दक्षिणेला सांगोल्याकडे माण नदीचे खोरे आहे. आज नीरा उजव्या कालव्यामुळे या भागात ऊस उभा दिसतो आणि अकलूजचे नाव साखर कारखानदारीशी जोडलेले आहे. कालवा येण्यापूर्वीचा हा मुलूख डोळ्यांपुढे आणायचा तर ऊस बाजूला सारावा लागतो. हा मूळचा अवर्षणाचा प्रदेश. ज्वारी-बाजरी, मेंढरे, गुरे आणि पाण्यासाठी विहीर किंवा बारव, हीच येथली जुनी जीवनरीत. अशा मुलखात देवळासमोर बांधीव कुंड असते तेव्हा ते देवाच्या स्नानापुरते नसते. दगडी पायऱ्यांनी उतरत जाणारे पाणी ही त्या वस्तीची ठेव असते. देऊळ आणि पाणी एकाच आवारात बांधणाऱ्यांना गावाची गरज नेमकी कळली होती, असे म्हटले पाहिजे.

दुसरी गोष्ट वाटांची. पश्चिमेला शिखर शिंगणापूरचा डोंगर, पूर्वेला भीमेकाठचे पंढरपूर, त्याच्या पलीकडे कलचुरींची एके काळची राजधानी मंगळवेढे. या क्षेत्रांना जोडणाऱ्या मुलखात वेळापूर बसलेले आहे. यात्रेकरू, व्यापारी, लमाणांचे तांडे, सैन्य सारे याच बाजूने जाणार. यादवकाळात अशा ठिकाणी राज्याचे अधिकारी असणे स्वाभाविक होते.

तिसरी गोष्ट भाषेची. सोलापूर जिल्हा हा मराठी आणि कन्नड यांचा जुना शेजार. पंढरपुरातच होयसळ राजा सोमेश्वराचा शके ११५९ म्हणजे इ. स. १२३७ चा लेख संस्कृत आणि कन्नडमध्ये आहे. याच जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आढळला. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्या चिकाटीमुळे तो अभ्यासकांसमोर आला आणि मराठीच्या लिखित वयाची चर्चा नव्याने सुरू झाली. वेळापूरचे लेख या दोन टोकांच्या संदर्भात ठेवून वाचायला हवेत. सन १३०० च्या सुमारास या भागात देवस्थानाची नोंद दगडावर करायची तर ती मराठीत करावी, हे ठरून गेलेले दिसते.

दोन शके

वेळापूरच्या लेखांपैकी दोन तारखा महत्त्वाच्या आहेत : शके १२२२ आणि शके १२२७. दोन्ही देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीतल्या. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या संग्रहामुळे असे लेख मराठीच्या अभ्यासकाला एका जागी मिळू लागले आणि गावोगावचे दगड भाषेच्या इतिहासात आले.

शिलालेखात शकाच्या आकड्याबरोबर संवत्सराचे नाव येते. हा रिवाज आपल्या फार कामाचा आहे. दगड झिजतो, आकडा पुसट होतो, दोनाचा तीन वाचला जातो. तेव्हा संवत्सर साक्षीला उभे राहते. ताळा सोपा आहे. शकात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचे. बाकी उरेल त्या क्रमांकाचे संवत्सर, प्रभवापासून मोजून. १२२२ मध्ये १२ मिळवले की १२३४. त्याला ६० ने भागल्यावर बाकी ३४, आणि चौतिसावे संवत्सर शार्वरी. १२२७ साठी बाकी ३९ येते, ते विश्वावसू. इसवी सनात बोलायचे तर ही वर्षे १३००-०१ आणि १३०५-०६ अशी पडतात.

आता या दोन वर्षांच्या आजूबाजूला काय घडत होते ते पाहू. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर अचानक चाल केली. युवराज शंकरदेव सैन्यासह दूर होता. किल्ल्यात पुरेशी तरतूद नव्हती. रामचंद्राला प्रचंड खंडणी देऊन तह करावा लागला. १३०७ मध्ये मलिक काफूर पुन्हा आला, रामचंद्राला दिल्लीला नेण्यात आले आणि 'राय रायान' हा किताब देऊन मांडलिक म्हणून परत पाठवण्यात आले. रामचंद्रानंतर शंकरदेवाने दिल्लीला झुगारून दिले आणि १३१३ च्या सुमारास तो मारला गेला. हरपाळदेवाचा शेवट १३१८ मध्ये झाला आणि यादवांचे राज्य संपले.

म्हणजे वेळापूरचे दोन्ही लेख पहिल्या स्वारीनंतरचे आणि दुसरीच्या आधीचे आहेत. शाळेच्या पुस्तकात १२९६ या सालाशी यादवांची गोष्ट जवळजवळ संपते. पुढची बावीस वर्षे दोन-तीन वाक्यांत उरकली जातात. वेळापूरचे दगड नेमके त्या उरकलेल्या वर्षांतले आहेत. त्यांत रामचंद्र राजा म्हणून उभा आहे, त्याच्या राज्याचा उल्लेख करून मगच स्थानिक मजकूर येतो. देवस्थानाचे काम होते आहे, ते कोणी केले याची नोंद होते आहे, ती पुढच्यांनी पाळावी अशी अपेक्षाही आहे. 'राणा' ही उपाधी लावणारे अधिकारी येथे नांदत होते. ब्रह्मदेवराणा आणि बाइदेवराणा ही नावे वेळापूरच्या इतिहासाशी जोडलेली आहेत.

याचा अर्थ स्वारीचा परिणाम झालाच नाही असा घ्यायचा का? तसे नाही. खंडणीचे सोने शेवटी कुणब्याच्याच घामातून भरले जाते. पण राज्य खिळखिळे होणे आणि गावाची व्यवस्था मोडणे या दोन घटना एकाच दिवशी घडत नाहीत. राजधानीचा इतिहास स्वाऱ्या आणि तह यांच्या तारखांनी पुढे सरकतो. गावाचा इतिहास दान, दुरुस्ती, पाण्याची वाटणी, पूजेची पाळी यांनी सरकतो. पहिल्याला खंड पडला तरी दुसरा काही काळ आपल्या गतीने चालत राहतो. वेळापूरच्या लेखांमुळे हे अनुमानापुरते राहत नाही, त्याला तारीख मिळते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शिलालेखाचा शक हा देवळाचा जन्मशक नव्हे. लेख कधी बांधकामाचा असतो, कधी जीर्णोद्धाराचा, कधी केवळ दानाचा. आधीपासून उभ्या असलेल्या देवळातही नवा लेख कोरला जातो. म्हणून 'मंदिर १३०० साली बांधले' असे सरसकट विधान करण्यापेक्षा 'इ. स. १३०० मध्ये हे देवस्थान नांदते होते आणि त्याच्याभोवती कारभाराची घडी होती' एवढे म्हणणे सुरक्षित आहे. आणि तेही काही थोडे नाही.

'हेमाडपंती' या शब्दाचे ओझे

चुना न वापरता घडीव दगडांत बांधलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे कारभाराच्या दप्तराचा प्रमुख. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. पंढरपूरच्या प्रसिद्ध 'चौऱ्यांशीच्या लेखा'त, जो शके ११९५ ते ११९९ या काळातला आहे, विठ्ठलाच्या देणगीदारांत रामचंद्र राजाबरोबर त्याचेही नाव येते. अशा मातब्बर माणसाच्या नावावर लोकांनी शेकडो देवळे जमा केली, तर नवल नाही.

पण ज्या पद्धतीला आपण हे नाव देतो ती हेमाद्रीच्या कितीतरी आधीपासून या भूमीत रुजलेली होती. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चे. खिद्रापूरच्या कोपेश्वराला सिंघण यादवाने तेराव्या शतकाच्या आरंभी दान दिले, तेव्हा ते देऊळ उभेच होते. हेमाद्रीचा अधिकारकाळ त्यानंतर सुरू होतो. तेव्हा 'हेमाडपंती' हे शैलीचे नाव म्हणून वापरताना ते लोकांनी दिलेले टोपणनाव आहे, काळाचा दाखला नव्हे, हे ध्यानात ठेवावे. काही गावांत हीच देवळे पांडवांनी एका रात्रीत बांधली असेही सांगतात. हेमाडपंत काय किंवा पांडव काय, ज्यांनी प्रत्यक्ष दगड घडवला त्यांची नावे दोन्हींत नाहीत.

ही पद्धत चालते कशी, हे समजून घेतले तर त्या अनाम हातांची ओळख पटते. दख्खनचा काळा पाषाण दाबाखाली अतिशय मजबूत असतो. त्याच्यावर वजन ठेवा, तो पेलतो. पण तोच दगड आडवा टाकून मध्ये भार दिला तर एका मर्यादेपलीकडे तडकतो. म्हणून खांब जवळजवळ ठेवावे लागतात आणि सभामंडपात खांबांची दाटी होते. तळखड्यावर खांब, खांबावर चारी दिशांना पसरणारे हस्त, हस्तांवर तुळया, असा भार उतरत येतो. हस्तामुळे तुळईचा उघडा गाळा दोन्ही बाजूंनी आखडतो, म्हणजे तेवढाच दगड अधिक सुरक्षित होतो. अशा हस्तांवर गुडघे दुमडून भार पेलणाऱ्या यक्षाच्या आकृती कोरण्याची जुनी रीत आहे. ती नुसती सजावट नाही, त्या जागी दगडाला काय करावे लागते आहे ते शिल्पी विनोदाने सांगत असतो.

छताची युक्ती त्याहून देखणी. चौरस गाळ्याच्या चार कोपऱ्यांवर तिरके दगड टाकले की आत लहान चौरस तयार होतो. पुन्हा त्याच्या कोपऱ्यांवर तिरके दगड टाकले की आणखी लहान. असे दोन-तीन थर चढवले की वर उरलेले भोक एका शिळेने झाकता येते, आणि त्या शिळेवर कमळ कोरायला जागा मिळते. एकही मोठी शिळा न वापरता मोठा गाळा झाकण्याची ही रीत आहे. दगड एकमेकांत खुंटी-खोबणीने बसवलेले असतात, वरचे ओझे त्यांना जागेवर दाबून धरते. म्हणून अशा इमारतीवर चढलेले झाड तिचा खरा शत्रू असते. पिंपळाचे मूळ सांध्यात शिरले की दगड सुटा होतो, आणि एक दगड सुटला की भाराची सगळी वाट बदलते.

गाभारा, अंतराळ आणि सभामंडप या क्रमाने आत जाताना उजेड पायरीपायरीने कमी होत जातो. उन्हातून येणाऱ्याचे डोळे मंडपात निवतात आणि गाभाऱ्याच्या अंधाराला तयार होतात. आता या अंधारात काय आहे ते पाहू.

गाभाऱ्यातील जोडपे

शिवालयाच्या गाभाऱ्यात शाळुंका आणि तिच्यावर लिंग असावे ही आपली अपेक्षा. वेळापूरला शाळुंकेवर शिव आणि पार्वती यांची, एकमेकांना बिलगलेली, एकाच पाषाणातली मूर्ती आहे. मूर्तिशास्त्राच्या परिभाषेत हिला उमा-महेश्वर किंवा आलिंगनमूर्ती म्हणतात. अर्धनारीश्वर वेगळा. त्यात देह एकच, उजवे अंग शिवाचे आणि डावे पार्वतीचे. घारापुरीच्या लेण्यातला भव्य अर्धनारीश्वर सर्वांच्या परिचयाचा आहे, बदामीलाही तो आहे. त्या कसोटीने पाहिले तर वेळापूरच्या देवाचे नाव आणि रूप जुळत नाही.

अभ्यासकाची पहिली प्रतिक्रिया असते की गावकऱ्यांनी चुकीचे नाव दिले. हा निर्णय घाईचा वाटतो. मूर्ती शाळुंकेवर आहे, हा यातला कळीचा मुद्दा आहे. उमा-महेश्वराच्या मूर्ती महाराष्ट्रात पुष्कळ आढळतात, पण बहुधा त्या देवकोष्ठात, भिंतीवर किंवा सुट्या स्वरूपात असतात. पूजेचे मुख्य स्थान लिंगाचे. येथे लिंगाची जागा जोडप्याने घेतली आहे. लिंग आणि शाळुंका हे शिव-शक्तीच्या ऐक्याचेच चिन्ह. वेळापूरच्या शिल्पकाराने त्या चिन्हाचा अर्थ मनुष्यरूपात उलगडून त्याच जागी बसवला. दोन देह दिसतात, पण पीठ एक, पाषाण एक, पूजा एक. अशा देवाला लोकांनी 'अर्धनारी' म्हटले तर त्यांनी रूपाऐवजी तत्त्वाला नाव दिले, असे समजायला हरकत नाही.

याला आजूबाजूच्या मुलखातून दुजोरा मिळतो. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाच्या गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत आणि ती शिव-पार्वतीची मानली जातात. रा. चिं. ढेरे यांनी या दैवतावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याच्या परंपरांचा शोध घेतला आहे. चैत्रात शिंगणापूरला शिव-पार्वतीचे लग्न लागते, हळदीपासून सारे विधी माणसांच्या लग्नासारखे होतात आणि लांबलांबच्या गावांहून कावडी डोंगर चढतात. वेळापूरची यात्राही चैत्रातलीच. रब्बीची सुगी आटोपलेली, पावसाला अवकाश, अशा मोकळ्या दिवसांत देवाचा संसार मांडायचा ही या भागातली रीत आहे. एकटा, स्मशानवासी, विरागी शिव येथल्या शेतकरी-धनगरांना फारसा जवळचा नाही. त्यांचा महादेव सपत्नीक आहे, लग्न झालेला आहे, घरचा आहे. शिंगणापूरची दोन लिंगे आणि वेळापूरचे एका पाषाणातले जोडपे ही एकाच भावनेची दोन रूपे होत.

याच काळातली आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये पुरी झाली आणि तिच्या शेवटी रामचंद्र राजाचा उल्लेख आहे. ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'चे पहिले प्रकरण शिव-शक्तीच्या ऐक्याचे आहे. दोघे दिसतात ते एकच कसे आणि एकाला दोघांचे रूप का घ्यावे लागते, हा त्याचा विषय. ज्ञानदेवांची समाधी शके १२१८ ची, वेळापूरचा पहिला लेख शके १२२२ चा. ग्रंथाचा देवळावर किंवा देवळाचा ग्रंथावर प्रभाव पडला असे म्हणण्याची गरज नाही. एवढे मात्र खरे की तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठी मुलखात हा विचार पंडितांच्या पोथीपुरता नव्हता. तो कवीच्या ओवीत होता, तसाच शिल्पकाराच्या छिन्नीतही होता. दर आषाढात माउलींच्या पादुका वेळापूरला मुक्काम करतात तेव्हा हे दोन समकालीन एका रात्रीसाठी शेजारी येतात.

अंगणातले दगड

वेळापुरात वीरगळांची संख्या मोठी आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळच्या चौकटीत लढाई आणि वीराचा मृत्यू. गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन सोडवताना पडला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, म्हणजे कैलासाला पोचला. माथ्यावर कलश, कडेला चंद्र-सूर्य, ते असेपर्यंत कीर्ती राहो म्हणून. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. गावाला तो कोण हे ठाऊक होते, म्हणून लिहिण्याची गरज वाटली नाही. पुढे माहीत असणारे गेले आणि दगड मुका झाला.

या मुक्या दगडांना एकत्र पाहिले तर त्यांतून गावाचे जीवन दिसते. गोधन ही या कोरड्या मुलखाची मुख्य संपत्ती, तिच्यावर धाड पडे आणि तिच्यासाठी माणसे मरत. त्यांचा सन्मान गाव देवळाच्या आवारात करी, कारण गावाच्या मालकीची, सर्वांच्या नजरेखालची, पावित्र्याने राखलेली जागा तीच होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये १५३८ साली हुकूम निघाला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. त्या वह्यांमुळे वेल्समधल्या एखाद्या लहानशा दगडी चर्चचा इतिहास लिहिणाऱ्याला चार-पाचशे वर्षांच्या सामान्य माणसांची नावे मिळतात. आपल्याकडे अशी वही नव्हती. पण चर्चच्या अंगणातले थडग्यांचे दगड आणि आपल्या देवळाच्या अंगणातले वीरगळ यांचे काम बरेचसे एकच होते. पुढच्या काळासाठी गावमंदिराची कागदपत्रे शोधायची तर इनामांच्या सनदा, महजर आणि इंग्रजी अमदानीतील इनाम कमिशनची दप्तरे पाहावी लागतात. त्याआधीच्या काळासाठी दगड हेच दप्तर.

या दप्तरालाही मर्यादा आहेत. त्यात देणारा आहे, लढणारा आहे. दगड वाहणारा, पाया खणणारा त्यात नाही. वेळापूरच्या दुसऱ्या लेखानंतर ३३ वर्षांनी, शके १२६० मध्ये, याच परिसरातल्या मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम कोसळून त्याखाली मजूर गाडले गेले. त्यांत चोखामेळा होते. अभंग मागे राहिले म्हणून त्या अपघातातले एक नाव आपल्याला कळते. बाकीच्यांची कळत नाहीत. त्या काळातील कोणत्याही घडीव दगडाकडे पाहताना हे विसरून चालणार नाही.

जीर्णोद्धार म्हणजे काय

देऊळ जुने झाले की त्याचा जीर्णोद्धार करणे हे आपल्याकडे पुण्यकर्म आहे, आणि ते तसेच राहावे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी आणि अनेक मराठा सरदारांनी केलेल्या जीर्णोद्धारांमुळे कितीतरी देवळे आज उभी आहेत. खाली यादवकालीन दगडी अंग आणि वर विटा-चुन्याचे शिखर असे मिश्र रूप महाराष्ट्रात जागोजागी दिसते. त्या कामांत एक संयम होता. पडले तेवढे उभारावे, जुने आहे त्याला आधार द्यावा. त्यामुळे पाहणाऱ्याला कोणता थर कोणत्या काळाचा हे आजही ओळखता येते.

अलीकडच्या जीर्णोद्धाराचे साहित्य निराळे आहे. तैलरंग, सिमेंट, चकचकीत फरशी, वाळूचा मारा करून दगड 'स्वच्छ' करणारी यंत्रे. तैलरंगाखाली लेखाची अक्षरे बुजतात. वाळूच्या माऱ्याने पृष्ठभागाचा थर जातो, आणि उथळ कोरलेले अक्षर त्या थरातच असते. सिमेंट दगडापेक्षा कडक बसते, ओल बाहेर पडू देत नाही आणि मग दगडाचेच पोपडे सुटतात. आवार फरशीने सपाट करताना वीरगळ उचलून एका कोपऱ्यात रचले जातात, कधी पायरीला लावले जातात. कोणता दगड कुठे उभा होता हीसुद्धा माहितीच असते, आणि ती एका दुपारी नाहीशी होते. हे सारे भक्तीने, वर्गणी काढून होते, म्हणून त्यावर बोलणे अवघड जाते.

ही अडचण केवळ आपली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या चर्चेसवर 'मूळ रूप परत आणण्या'ची लाट आली. गिलावे खरवडले गेले, मधल्या शतकांची भर काढून टाकली गेली. विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ साली संस्था काढून या प्रकाराला विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते : रोजची निगा राखा, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची वेळ येणार नाही. गळती वेळेवर थांबवा, झाड लहान असताना उपटा. हा सल्ला आपल्या गुरवांना आणि देवस्थानच्या पंचांना परका वाटू नये. पूजेची पाळी, दिवाबत्ती, झाडलोट ही निगाच आहे. तिच्यात आणखी चार कामांची भर घातली की पुरे : लेखाच्या दगडावर रंग न लावणे, त्याचा ठसा आणि छायाचित्र गावच्या शाळेत ठेवणे, वीरगळ हलवण्यापूर्वी त्यांच्या जागेची नोंद करणे, सांध्यांत सिमेंटऐवजी चुना भरणे.

रामचंद्राच्या राज्यातला कोणी अधिकारी शके १२२२ मध्ये दगडावर नोंद करतो, तेव्हा ती पुढच्या पिढ्यांनी वाचावी आणि पाळावी हाच त्याचा हेतू असतो. देवगिरी १३१८ मध्ये गेली. ज्या राज्याच्या भरवशावर ही नोंद झाली ते राज्य तेरा-अठरा वर्षांत उरले नाही. नोंद मात्र सातशेहून अधिक वर्षे टिकली, कारण गावाने देव सोडला नाही. मूर्तीपुढे दिवा लागत राहिला, चैत्र आला की यात्रा भरत राहिली. देवळाची राखण राजापेक्षा गावानेच अधिक केली आहे. म्हणून त्याचे दगड वाचण्याजोगे ठेवण्याची जबाबदारीही पुरातत्त्व खात्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. ती वेळापूरकरांची आहे, आणि त्या वाटेने दरवर्षी जाणाऱ्या आपणा सर्वांचीही.